सुनेसमोर न बोलायची गोष्ट

नागोराव बोलायला कधी मागं हटणारा माणूस नव्हे. बोईसरला लेकाकडं राहायला आल्यापासून इमारतीखालच्या ओट्यावर बसून त्यांनी परभणीकडच्या कालव्याची एकेक चारी तिथल्या लोकांना तोंडपाठ करून दिली होती. जन्मभर पाटकरी होते ते. म्हणजे कालव्याचं पाणी चाऱ्यांतून पाळीपाळीनं शेतकऱ्यांच्या रानात सोडायचं काम. कुणी कुणाचं पाणी चोरलं, कुणी चारीचं दार फोडलं, कोण फावडं घेऊन अंगावर धावून आला आणि नागोरावांनी त्याला कसा गार केला, हे सगळं ते असं रंगवून सांगायचे की तारापूरच्या कारखान्यांतून पाळी करून आलेली, झोपेनं डोळे तांबारलेली पोरंसुद्धा चहाचा ग्लास हातात धरून ऐकत राहायची.

एका बाबतीत मात्र या बोलक्या माणसाच्या तोंडाला कुलूप. कमरेखालचं काही बोलायचं नाही. पोट बिघडलं तर म्हणायचे, "जरा कसंतरीच होतंय." मूळव्याध झाली तेव्हा वर्षभर म्हणत होते, "बसायला नगं वाटतंय." रखमाबाई होती तोवर भागलं. ती माउली नवऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखायची आणि गाजावाजा न करता काय ते औषधपाणी करायची. ती गेली आणि असलं काही ज्याच्यापाशी बोलावं असं एकही माणूस नागोरावांना उरलं नाही.

मग सुजित, त्यांचा लेक, त्यांना बोईसरला घेऊन आला. सुजित एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकाच्या ओट्याला अगदी खेटून संडास-बाथरूम, त्याला प्लॅस्टिकचं दार. दाराच्या अलीकडं सून प्रतीक्षा पोळ्या लाटत उभी, पलीकडं सासरा. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या गावी सासरा अंगणात आला की सून उठून आत जायची आणि सासरा खाकरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, त्या माणसानं त्या दारामागं करावं तरी काय? नागोरावांनी तोड काढली. आत गेलं की पहिल्यांदा नळ सोडायचा. बादलीत धो धो पाणी पडायला लागलं की बाहेर दुसरं काही ऐकू जात नाही.

प्रतीक्षाला याचं नवल वाटायचं. हाच माणूस, तिनं भाजी धुताना नळ जरा मोठा सोडला की बाहेरून "पाणी वाया जायलंय पोरी, पाणी!" म्हणून ओरडायचा, आणि स्वतः आत गेला की बादली भरून वाहायची. प्रतीक्षा सेलूची. घरी मशीन टाकून ब्लाऊज शिवायची. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडानं फटकळ, पण सासऱ्यापुढं डोक्यावरची ओढणी कधी ढळू द्यायची नाही. सासऱ्याला ती मामा म्हणायची, त्यांच्याकडं तशीच रीत. मामांना असलं विचारणार कसं? तिनं आपलं मनाशी ठरवून टाकलं की मामांना हातपाय धुवायचा नाद आहे.

दिवाळीनंतर मात्र त्या नळानं झाकण्यासारखं काही उरलं नाही. धार बारीक झाली, मग थेंब थेंब. आत ताटकळत उभं राहायचं, कुंथायचं, हरून बाहेर यायचं, आणि गादीवर टेकलं की परत जावंसं वाटायचं. धोतराला ओल लागायची. ते गुपचूप धोतर पिळून गॅलरीत वाळत घालायचे आणि सुनेनं विचारलंच तर म्हणायचे, "तांब्या कलंडला." पाणी प्यायचंच कमी केलं त्यांनी, म्हणजे जायला नको. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी रोज चालूच होती. अशात थंडी पडली. थंडीत कारखान्यांचा तो उग्र वास सकाळभर खालीच बसून राहतो. नागोरावांना सर्दी झाली. मेडिकलवाल्यानं सर्दीची गोळी दिली. त्या गोळीनं नाक सुकलं, आणि त्याबरोबर खालचं होतं नव्हतं तेही अडलं.

पोट बेंबीखाली दगडासारखं घट्ट झालं. जेवण जाईना, ओकारी येऊ लागली, पावलं सुजली. सुजित घरी नव्हता. कंपनीनं त्याला गुजरातेत दहेजच्या प्लांटवर धाडलं होतं, आणि तिथं गेटवरच फोन काढून घेतात, तो संध्याकाळीच हातात मिळतो. प्रतीक्षानं त्याच्या फोनची वाट बघितली नाही. आपल्या लहान पोरीला शेजारच्या सपनाकडं ठेवलं, रिक्षा केली आणि मामांना घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरकडं गेली.

"लघवी होते का?" डॉक्टरनं विचारलं.

नागोरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. सून शेजारीच उभी, ओढणी सावरत. त्यांचे कान तापले.

"होती की. सारखीच होती."

आणि यात खोटं तरी काय होतं? थेंब थेंब का होईना, दिवसभर होतच होती. वकिलालासुद्धा पकडता आलं नसतं. डॉक्टरला वाटलं, ओकाऱ्यांनी अंगातलं पाणी गेलंय. त्यानं सलाईन लावलं आणि रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला तेव्हा त्याचाच चेहरा पडला. "क्रिएटिनिन फार वाढलंय," तो प्रतीक्षाला म्हणाला, "किडनी नीट काम करत नाहीये. मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा, आत्ताच."

मोठ्या हॉस्पिटलात तेजल मॅडम होत्या. माहीमच्या, वयानं प्रतीक्षापेक्षा थोड्या मोठ्या, बोलायला गोड आणि कामाला वाघीण. बाई डॉक्टर म्हटल्यावर नागोरावांचा उरलासुरला धीरही गेला. मॅडमनी "पोट बघू बाबा" म्हणताच त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि कुशीवर वळून दोन्ही हात पोटावर दाबून धरले. "दुखतंय. हात नका लावू माय." मॅडम अजून समजावणार, तेवढ्यात कुठल्याशा कारखान्यातून भाजलेला कामगार आला आणि त्या तिकडं पळाल्या. सोनोग्राफीवाले डॉक्टर रोज येत नसत, ते उद्या येणार होते.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनी प्रतीक्षाला समोर बसवून नीट समजावलं. किडनी अशी अचानक बसते त्याची कारणं तीन ठिकाणी शोधायची. एक तर किडनीच्या अलीकडं. ओकाऱ्या, जुलाब, रक्त जाणं, उन्हातान्हात पाणी न पिणं, नाहीतर हृदयच कमजोर असणं. म्हणजे किडनीपर्यंत रक्तच पुरेसं पोचत नाही. दुसरं, खुद्द किडनीत. दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी बिघडते, लेप्टोसारख्या तापानं बिघडते, घोणस चावली तरी बिघडते. आणि तिसरं किडनीच्या पलीकडं. लघवी तयार होते, पण वाटेत खडा असतो, गाठ असते, किंवा म्हाताऱ्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते. लघवी बाहेर पडत नाही आणि मागं तुंबून किडनीवर दाब येतो.

"म्हणून तर मी परत परत विचारतेय," मॅडम म्हणाल्या. "बाबा, लघवी नीट होते ना?"

"होती की," नागोराव भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

मॅडम गेल्यावर प्रतीक्षा कॉटशी आली. तिला वाटलं, मामांना हे मॅडमचं बोलणं कळलं नसणार. त्यांना कळेल असं सांगावं म्हणून ती म्हणाली, "मामा, त्या काय म्हणाल्या माहितेय का? तुमच्या पाटासारखंच आहे हे. एक तर धरणातूनच पाणी कमी सुटलं, नाहीतर चारीच खराब झाली, नाहीतर पुढचं दार बंद पडलं आणि पाणी तुंबून मागं फुगलं. यातलं काय झालंय ते त्या शोधायल्यात."

नागोरावांना लगेच कळलं. पुढचं दार बंद. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून हेच ओळखलं होतं आणि इथं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं घेऊन ते गप्प पडून होते. बोलायला आता एका वाक्याचंच काम होतं. पण ते वाक्य काही त्यांच्या घशाच्या वर येईना. सुनेला सांगायचं? कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितलं तर पुढं काय होणार, हेही त्यांना शेजारच्या कॉटवर दिसत होतं. तिथल्या म्हाताऱ्याला नळी घातलेली होती. कॉटच्या दांडीला पिशवी लटकत होती, येणारा जाणारा तिच्याकडं बघत होता, आणि सिस्टर आली की पांघरूण बाजूला करून मोकळी व्हायची. नागोरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी मनाला समजावलं की गोळ्या आता बंद झाल्यात, सलाईन चालू आहे, सुटेल आपोआप. गंजलेली दारंसुद्धा पाण्याच्या दाबानं कधी कधी सुटतात.

माणूस स्वतःलाच किती सफाईनं फसवतो बघा. दुसऱ्या कुणाला एवढ्या सफाईनं फसवता येत नाही.

थोड्या वेळानं वॉर्डबॉय देवू आला. मासवणकडचा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं हातात प्लॅस्टिकचं भांडं दिलं. "बाबा, लघवी यात कराची. बाहेर नाय घालवाची हां, मॅडमला मोजून सांगायची हाय. झाली का या ताईकडं द्या, ती आणून देल."

या ताईकडं! म्हणजे सुनेनं सासऱ्याचं मूत घेऊन वॉर्डभर फिरायचं. नागोरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडं सदऱ्याखाली झाकून, सलाईनची बाटली दुसऱ्या हातात धरून ते स्वतःच संडासात गेले. किती तरी वेळ उभे राहिले. भांड्याचा तळसुद्धा ओला झाला नाही. असं रिकामं भांडं घेऊन बाहेर गेलं की नळी आलीच. समोर नळ होता.

आणि नागोराव पाटकऱ्यानं नळाखाली भांडं धरलं.

फार नाही, शोभेल एवढंच भरलं. ते थेंब होते तेही त्यात होतेच, तेवढीच मनाला समजूत. बाहेर येऊन भांडं त्यांनी स्वतः देवूच्या हातात दिलं, मान खाली घालून. देवूनं मोजलं आणि लिहून ठेवलं. पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळी तर हात सरावला.

त्या आकड्यांनी काय केलं ते ऐका. तेजल मॅडमनी कागद बघितला आणि त्यांनी तिसरं कारण मनातून काढून टाकलं. लघवी एवढी होतेय म्हणजे वाट मोकळी आहे. मग दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीच बिघडली असणार. म्हणून सलाईन चालूच राहिलं. ज्या टाकीला तोटी नाही तिच्यात वरून पाणी ओतत राहावं तसं चाललं होतं. नागोरावांचं तोंड सुजलं, श्वास लागू लागला, बोलता बोलता डोळे मिटायला लागले. सकाळी परत रक्त तपासलं. क्रिएटिनिन आणखी वर, पोटॅशियमही वाढलेलं.

"मला कळतच नाहीये," मॅडम कॉटपासून दोन पावलांवर उभ्या राहून प्रतीक्षाला म्हणाल्या. त्यांना वाटलं बाबा झोपलेत. "लघवी तर पाण्यासारखी साफ येतेय. पण रक्त बिघडतच चाललंय. पोटॅशियम असंच वाढलं तर हृदयाला धोका आहे. डायलिसिससाठी पाठवावं लागेल. गाडीची सोय बघते मी."

नागोराव डोळे मिटून ऐकत होते. मग तिचा आवाज आला, नेहमीचा फटकळ नव्हे, अगदी हळू.

"मॅडम, माझी चालेल का?"

"काय?"

"किडनी. माझी एक दिली तर? आमचे हे एकटे कमावणारे आहेत, त्यांची नको. मी धडधाकट आहे. माझं रक्त तपासून बघा."

"अहो, तेवढं नाही झालेलं अजून," मॅडम म्हणाल्या. "आणि ते असं लगेच नसतंही."

"नसू दे. पण लागली तर घ्या माझी. मामांना नका सांगू फक्त. ते घेणार नाहीत."

नागोरावांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. ही पोर! हिच्याशी ते आजवर चार वाक्यं धड बोलले नव्हते. चहा दे, पाणी वाया जायलंय, सुजित आला का, बस्स. ती स्वतःचं पोट फाडून घ्यायला निघाली होती. कशापायी? त्यांनी नळाखाली धरलेल्या भांड्यापायी. आजवर लाज वाटत होती ती वेगळी आणि आता वाटली ती वेगळी. ही दुसरी लाज त्यांना झोपू देईना, की गप्प बसू देईना.

"पोरी," ते म्हणाले.

प्रतीक्षा धावत आली. "काय होतंय मामा? दम लागायलाय का?"

"म्या वतलं ते."

"काय वतलं?"

"पाणी. भांड्यात. नळाचं." त्यांनी छताकडं बघत एकेक शब्द बाहेर ढकलला. "मला... मला होईनाच झालीय. लई दिसांपास्नं. थेंब थेंब होती. आता तीबी न्हाई."

प्रतीक्षाच्या डोक्यावरची ओढणी घसरून खांद्यावर आली आणि तिला ती सावरायचंही सुचलं नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. लग्न झाल्यापासून तिनं सासऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता, तो आता चढवला.

"मामा! अक्कल काय गहाण टाकलीत का हो तुम्ही? जीव जायची वेळ आली ना! सांगायचं नाही? माझी लाज वाटली? मी काय परकी आहे? अन् पाणी वततात, पाणी!" शेजारच्या कॉटवरचा म्हातारा उठून बसला. प्रतीक्षा तोवर वॉर्डाच्या दाराकडं पळत सुटली होती, आणि जाता जाता अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "मॅडम! ओ मॅडम! आमच्या मामांना लघवीच होत नाहीये!"

झालं. जी गोष्ट नागोरावांनी महिनोन्महिने नळाच्या आवाजाखाली झाकली होती ती अर्ध्या बोईसरला कळली. आणि गंमत अशी, की कुणी हसलं नाही. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, तुमीपण बोलत नाय." बस, एवढंच.

मॅडम आल्या. या वेळी नागोरावांनी गुडघे वर घेतले नाहीत. मॅडमनी बेंबीखाली हात ठेवला, बोटांनी ठोकून बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "ही अख्खी लघवीची पिशवी तुडुंब आहे. बाबा, तुम्ही सांगितलं नाहीत, पण मीही हात लावून बघायलाच हवं होतं." मग पडदा ओढला. देवूनं सगळं आणून मांडलं. "लाजू नका बाबा, आमी रोज बघतो. माझ्या बापालापण हेच झालेलं हाय."

नळी आत गेली. दुखलं, नाही असं नाही. पण त्यानंतर जे झालं ते सांगायला नागोरावांपाशीसुद्धा शब्द नव्हते. पोटावरचा धोंडा जणू कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवत होतं. कॉटला लटकवलेली पिशवी भरत आली. मॅडमनी देवूला पिशवीकडं लक्ष ठेवायला सांगितलं, त्यानं ती रिकामी केली, ती पुन्हा भरू लागली. नागोराव रडत होते. दुखतंय म्हणून नव्हे.

डायलिसिसची गाडी सांगितली नव्हती ते बरंच झालं. आधी पोटॅशियम उतरायला औषधं दिली, तासातासानं हृदयाची पट्टी काढली, आणि दुसऱ्या दिवशी रक्ताचा आकडा थोडा का होईना खाली आला. पुढं उतरतच गेला. पहिले काही दिवस तर लघवी इतकी व्हायला लागली की उलट मॅडमना सलाईन वाढवावं लागलं. तुंबलेलं पाणी एकदम सुटलं की असं होतं म्हणे. सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठी दिसली, दोन्ही किडन्या फुगलेल्या दिसल्या. "अचानक बिघडलेली किडनी पुष्कळदा सावरते," मॅडम म्हणाल्या, "पण कारण वेळेत हटवलं तरच. तुम्ही आणखी थोडं थांबला असतात, तर मी काही सांगू शकले नसते." दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. सर्दीची गोळीही विचारल्याशिवाय घ्यायची नाही, त्या गोळीनं प्रोस्टेटवाल्यांची वाट हमखास अडते.

नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी घेऊन नागोराव घरी आले. पिशवी रिकामी करायची तर वाकावं लागे, आणि गुडघ्यांनी ते जमत नसे. पहिल्या दिवशी प्रतीक्षा भांडं घेऊन समोर बसली तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं पिशवीची तोटी उघडली.

"मामा, एक सांगू का?" ती खाली बघतच म्हणाली. "पोरगी झाली तेव्हा माझे टाके पिकले होते. ताप यायचा, बसवत नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. आत्यांनी ओळखलं. मला आत नेऊन म्हणाल्या, दाखव. मी मेले तरी दाखवणार नाही म्हटलं. तर म्हणाल्या, मेलीस तर मग मला दाखवून काय उपयोग?"

आत्या म्हणजे रखमाबाई. नागोरावांना हे ठाऊक नव्हतं. रखमाबाईनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. भिंतीकडं बघता बघता त्यांच्या ओठांवर हसू आलं. अगदी तिचंच बोलणं हे. किती घरांत, किती प्लॅस्टिकच्या दारांमागं माणसं अशी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली असतील, असं त्यांना वाटून गेलं. बायका टाके लपवतात, पुरुष धार लपवतात, आणि एकाच छपराखाली जो तो एकटा दुखणं काढतो. ते वळले आणि म्हणाले, "तुझी सासू लई शहाणी होती. मलाबी असंच दरडवायची." मग थोडं थांबून, "तूबी काई कमी न्हाईस."

नळी काढून बघायचा दिवस आला तेव्हा सुजित दहेजहून परतला होता. तो रजा टाकून बरोबर आला. पण मॅडमनी "सकाळपासून पाणी किती प्याले? पिशवीत रंग कसा होता?" असं विचारलं की बिचारा बायकोकडं बघायचा. मॅडमनी नळी काढली आणि साफ सांगितलं. आता बाबांना आपली आपण लघवी झाली पाहिजे. प्रोस्टेटसाठी चालू केलेल्या गोळ्यांनी वाट मोकळी झाली असेल तर होईल. नाही झाली तर नळी परत घालायची, आणि मग ऑपरेशन होईपर्यंत, कदाचित त्यानंतरही, तिच्यासकटच राहायची तयारी ठेवायची.

नागोराव पाणी पीत बसले. प्रतीक्षा ग्लास भरून देत होती आणि ते गुमान पीत होते. दुपार कलली. त्यांना जावंसं वाटलं, ते गेले, तसेच परत आले. सुजित उठून खाली चहा आणायला गेला, त्याला बसवेना. नागोराव पुन्हा उठले. भांडं हातात घेऊन आत गेले आणि दार लोटलं.

प्रतीक्षा दारापाशी उभी राहिली. आत काहीच आवाज नव्हता. तिनं हात जोडले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. नुसती दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी राहिली. सिस्टर जाता जाता थबकली. देवू रिकामं स्ट्रेचर घेऊन चालला होता, तोही थांबला.

"पोरी!" आतून हाक आली, कालव्याच्या या काठावरून त्या काठाला मारावी तशी. "झाली गं! झाली!"

सिस्टर तोंडावर हात ठेवून हसायला लागली. प्रतीक्षा मात्र हसली नाही. "मामा, दाखवा," ती म्हणाली.

दार उघडलं. नागोराव भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आले, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांनी ते सुनेपुढं केलं. भरून नव्हतं, अर्ध्याला जरा वर. प्रतीक्षानं वाकून बघितलं. पिवळी होती. तिनं भांड्याला बाहेरून हात लावला, ते कोमट होतं.

"हां," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "ही खरी आहे."